तीन अक्षरांची वीट

मोठ्या माणसाला शिकायला बसवायचं कसं? पोराला धाक दाखवता येतो, खाऊचं आमिष दाखवता येतं. पण दिवसभर उन्हात राबून आलेल्या चाळिशीच्या माणसाला रात्री पाटी-पेन्सिल घ्यायला कोण लावणार? आणि एकदा आला, तरी उद्या तो आपण होऊन परत येईल कशावरून?

पैसे देऊन बघावं का? एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं नेमकं तेच करून पाहिलं आणि १९७१ साली प्रसिद्ध केलं. त्यानं कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. दुसऱ्या बैठकीत एका गटाला प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, तिसऱ्या बैठकीत तो बंद झाला. गंमत पुढेच आहे. दर बैठकीत मध्येच डेसी काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जाई आणि काचेआडून बघत बसे. मुलांपुढे मासिकंही ठेवलेली असत. कुणाचंच लक्ष नाही असं वाटत असताना कोड्यांना हात कोण लावतो? पैसे मिळून बंद झालेली मुलं आता कोड्यांपाशी आधीपेक्षा कमी रमली! ज्यांना छदामही मिळाला नव्हता, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. म्हणजे गोडी आधीपासून होती. बक्षिसानंच ती पातळ केली.

मग गोडी वाढते कशानं? डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे तीन गोष्टी सांगितल्या: निवड आपली असणं, जमतंय असं जाणवणं आणि सोबतच्या माणसांशी नातं जुळणं. ऐकायला सोपं वाटतं. पण या तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच खोलीत घडवता येतील?

त्यासाठी ब्राझीलला जायला हवं, तेही डेसीच्या प्रयोगाआधीच्या काळात. १९६३ साली तिथल्या ईशान्य भागातल्या आंजिकोस या गावात पाउलो फ्रेरी या शिक्षकाच्या पद्धतीनं सुमारे तीनशे प्रौढांचे वर्ग भरले. अवघ्या चाळीसेक तासांत निरक्षरांना लिहिता-वाचता करायचं, असा बेत होता.

फ्रेरीची माणसं पुस्तकं घेऊन आलीच नाहीत. आधी ती लोकांत मिसळली, गप्पा ऐकल्या आणि लोकांच्या तोंडी सतत येणारे शब्द टिपले. वर्गाला वर्ग म्हणायचं नाही, ‘संस्कृती मंडळ’ म्हणायचं. सुरुवातीच्या बैठकांत एकही अक्षर नाही, फक्त भिंतीवर चित्रं आणि त्यांवर गप्पा. विहीर कुणी खणली? मडकं कुणी घडवलं? बोलता बोलता ‘आपण अडाणी’ म्हणणाऱ्या माणसाच्या ध्यानात येई, की अरे, आपल्या हातांनी किती काय उभं केलंय!

मग यायचा शब्द. उदाहरणार्थ ‘तिजोलो’. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ वीट. रोज विटा रचणाऱ्याला याहून जवळचा शब्द कुठला? त्याचे तीन तुकडे पाडायचे, ति-जो-लो, आणि प्रत्येकाचं कुटुंब मांडायचं: ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु, ला-ले-लि-लो-लु. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, कारण ही चक्क बाराखडीच आहे. फरक पुढे आहे. आपल्याकडे बाराखडी घोकायची असते. तिथे तक्ता समोर ठेवून म्हणायचे, आता यातून तुम्हीच शब्द बनवा.

आणि माणसं बनवायला लागली! फ्रेरीनंच नोंदवलेला एक किस्सा आहे. एका मंडळातल्या माणसानं अक्षरं समोर आली त्या पहिल्याच रात्री या तीन ओळींतून तीन तुकडे उचलले: तु, जा, ले. पोर्तुगीजमध्ये ते अख्खं वाक्य होतं. अर्थ काय? ‘तुला आता वाचता येतंय!’

जरा थांबून बघा. हे वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. शब्द त्याच्या रोजच्या कामातला, जुळणी त्याची, ऐकणारे त्याचेच सोबती. डेसी-रायनच्या तिन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या. अशा माणसाला उद्या ये म्हणून सांगावं लागेल?

यात धोका आहे हे सत्तेलाही कळलं. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षराला मत नव्हतं. वाचायला शिकणारा प्रत्येकजण नवा मतदार होऊ शकत होता. अशी हजारो मंडळं देशभर काढायचं ठरत असतानाच, १९६४ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली. फ्रेरीला तुरुंगात टाकलं आणि नंतर त्याला देश सोडावा लागला. बाराखडीच्या तीन ओळींची एवढी धास्ती!

आपल्याकडे सध्या ‘उल्लास’ या केंद्राच्या कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. तुम्ही त्यात उतरलात, किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींना शिकवायचं मनात आणलंत, तर पहिल्याच दिवशी ‘अ अननसाचा’ काढू नका. त्यांना काय वाचायचंय ते विचारा. एसटीची पाटी, रेशनची पावती, नातवाचा मेसेज, जे म्हणतील ते. आणि धडा तिथूनच सुरू करा.