अनोळखी माणसाला डोंगरवाटेचा सल्ला

"हरिश्चंद्रगड चढावयास कठीण आहे काय?" हा प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु विचारणारा अनोळखी असेल, तर त्याचें उत्तर देणें अवघड होय. गडावर जाणाऱ्या वाटाच मुळीं अनेक आहेत. अकोले तालुक्यांतील पाचनईहून जाणारी वाट त्या मानानें सौम्य. तर कोंकणांतील बेलपाड्याहून कोंकणकड्याच्या बाजूनें वर येणारी नळीची वाट म्हणजे सुमारें हजार मीटरांचा चढ, आणि त्यांत उभे खडक व सुटे धोंडे. गड एकच, परंतु एका वाटेविषयीं दिलेला सल्ला दुसऱ्या वाटेवर जिवावर बेतावयाचा. शिवाय मार्गशीर्षांत कोरडा असलेला खडक आषाढांत शेवाळलेला असतो, आणि दाट धुक्यांत पुढची वाटच दिसेनाशी होते.

वाट व ऋतु हीं ठरलीं, तरी मुख्य अडचण राहतेच. ती म्हणजे विचारणारा कोण, ही. "सोपी", "जवळ", "थोडा चढ" हे शब्द बोलणारा आपल्याच पायांनीं मोजीत असतो. डोंगरांत वाढलेला गुराखी ज्या वाटेस अर्धा तास म्हणतो, तिला शहरांतील बैठ्या व्यवसायाच्या गृहस्थास दोन तास लागावेत, आणि तेवढ्यांत त्याचें पाणी संपावें. सांगणारा खोटें बोललेला नसतो. त्याचें माप वेगळें असतें.

हें माप ठरविण्याचा प्रयत्न विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं केला. दर ३ मैलांस एक तास, व दर २,००० फूट चढास आणखी एक तास, असा त्याचा नियम. हा हिशेब धडधाकट माणसाचा. म्हणून पुढें फिलिप ट्रँटर यानें त्यास दुरुस्ती जोडली: अर्ध्या मैलांत १,००० फूट चढावयास ज्याला जितकीं मिनिटें लागतील, त्यावरून त्याचा वेळ कमीअधिक धरावयाचा. तात्पर्य, वाटेबद्दल बोलण्यापूर्वीं चालणाऱ्याचें बळ मोजलें पाहिजे. वैद्यहि नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं.

तेव्हां सल्ला देणाऱ्यानें आधीं विचारावें: यापूर्वीं कोणता गड चढलांत, किती वेळ लागला, बरोबर कोण आहे, केव्हां निघणार? आणि नुसतें "जा" किंवा "जाऊं नका" न म्हणतां, कोठून व किती वाजतां परत फिरावें, तें सांगावें. वाटेंत पाऊस आला, तर सांगणारा जवळ नसतो. परतीची ही खूण मात्र बरोबर असते.