बर्फावरचे पंतोजी

ज्या प्रांतांत बर्फ म्हणजे उन्हाळ्यांत सरबतांत घालावयाची वस्तु, तेथील वाचकांस बर्फावर घसरण्याची शिकवणी हा चरितार्थाचा धंदा होऊं शकतो हें ऐकून मौज वाटेल. पायांस दोन लांब, अरुंद, टोकाशीं वर वळलेल्या फळ्या बांधावयाच्या, हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या आणि डोंगराच्या उतारावरून खालीं सुटावयाचें, या विद्येस पाश्चात्त्य देशांत स्कीइंग म्हणतात. तिचा एक अमेरिकन शिक्षक पुढें चित्रपट काढून नांवारूपास आला. त्याचें नांव वॉरन मिलर.

मिलरचा जन्म १९२४ सालीं हॉलिवुडचा. परंतु तेवढ्यावरून तो सिनेमांत शिरला असें कोणीं समजूं नये. दुसऱ्या महायुद्धांत तो आरमारांत होता. १९४६ सालीं तेथून सुटतांच त्यानें ८ मिलिमीटरचा एक लहान कॅमेरा विकत घेतला आणि वॉर्ड बेकर या मित्राबरोबर आयडाहो संस्थानांतील सन व्हॅली गांठली. युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीनें १९३६ सालीं उघडलेलें हें श्रीमंतांचें विहारस्थान. डोंगर चढण्याचे श्रम वांचावे म्हणून तेथें तारेवरून जाणाऱ्या खुर्च्या बसविल्या होत्या. जहाजावर केळ्यांचे घड चढविण्याच्या यंत्रावरून ही कल्पना कंपनीच्या एका इंजिनियरास सुचली होती. घडांच्या जागीं माणसें टांगावयाचीं, इतकाच फरक!

अशा ठिकाणीं हे दोघे मोटारी उभ्या करण्याच्या आवारांत, मोटारीमागें ओढावयाच्या एका चिमुकल्या गाडींत राहूं लागले. सशांची शिकार करून पोट भरावें, आणि उपाहारगृहांत फुकट मिळणाऱ्या टोमॅटोच्या सॉसमध्यें कढत पाणी ओतून त्याचें सार करावें, असा त्यांचा क्रम. युद्धावरून परतलेला बावीस वर्षांचा मुलगा असें करूं लागला, तर कोणत्याहि घरांतील वडील मंडळी कपाळास हात लावतील. आणि त्यांस दोष देतां येणार नाहीं.

परंतु या ओढग्रस्तींतहि एक अभ्यास चालला होता. बेकर उतरत असतां मिलरनें त्याचें चित्र घ्यावें, मिलर उतरत असतां बेकरनें. मग तें पाहून आपलें कोठें चुकतें हें शोधावें. वेगांत असलेल्या माणसास स्वतःचा तोल कसा जातो तें कळत नाहीं. तें कॅमेऱ्यानें दाखविलें. माझ्या मतें मिलरच्या पुढील आयुष्याचें बीज येथेंच आहे. त्याचा कॅमेरा प्रथम आरसा होता. करमणुकीचें साधन तो नंतर झाला.

लवकरच तो शिक्षक म्हणून काम करूं लागला. कॅलिफोर्नियांत १९४९ सालीं स्क्वॉ व्हॅली हें नवें ठिकाण उघडलें, तेथेंहि त्यानें शिकविलें. या धंद्यांतच बेल अँड हॉवेल या कॅमेरे बनविणाऱ्या कंपनीचे अधिकारी चार्ल्स पर्सी आणि हॅरॉल्ड जेनीन यांची ओळख होऊन त्यास १६ मिलिमीटरचा कॅमेरा मिळाला. मित्रांकडून थोडें कर्ज काढून त्यानें १९५० सालीं 'डीप अँड लाइट' हा पहिला चित्रपट पुरा केला.

चित्रपटांत निवेदन नव्हतें. तेव्हां मिलरनें सभागृह भाड्यानें घ्यावें, तिकिटें खपवावीं, आणि चित्र चालू असतां स्वतःच उभें राहून बोलावें. आपल्या कीर्तनकारास यांत नवल वाटणार नाहीं. आख्यान ठरलेलें, विनोद कोठें पेरावयाचा तें मात्र श्रोत्यांचा रंग पाहून ठरवावयाचें. निष्णात खेळाडूंच्या कड्यावरील उड्या तो दाखवीच. परंतु तारेवरच्या खुर्चीवरून उतरतांना गडबडून एकमेकांवर कोसळणारे नवशिके दाखविले कीं सभागृह हसून लोटपोट होई. त्या हसण्यांत कुचेष्टा नसे, कारण अशा मंडळींस हात देऊन उठविण्यांत ज्याच्या सकाळी गेल्या, तोच तें चित्र दाखवीत होता.

दर वर्षीं नवा चित्रपट, हा त्याचा नेम झाला. हिंवाळ्यांत चित्रण, मग जुळवाजुळव, आणि शरदांत गांवोगांव प्रयोग. चित्रण, संकलन, निवेदन, तिकिटांचा हिशेब, सारा कारभार प्रारंभीं एकट्याचा. भर धामधुमीच्या काळांत वर्षांतील शंभरावर रात्री परगांवीं जात. अशा माणसाच्या घरच्यांनीं काय सोसलें असेल, हा विचार त्याची कीर्ति गातांना बहुधा राहून जातो.

पुढें त्यानें इतर छायाचित्रकार नेमले. संस्था मुलाच्या आणि नंतर परक्यांच्या हातीं गेली. त्याच्या नांवावरील लहानमोठे चित्रपट पांचशेंवर भरतात. अमेरिकेच्या डोंगराळ गांवांतून मिलरचा नवा चित्रपट लागला कीं लोक माळ्यावरच्या फळ्या काढून त्यांस मेण लावूं लागत. वॉशिंग्टन संस्थानांतील ऑर्कस बेटावर २४ जानेवारी २०१८ रोजीं, ऐन हिंवाळ्यांत, वयाच्या ९३ व्या वर्षीं तो वारला.