हिरव्या ठेवीचे पासबुक

माझ्या बँकेच्या शाखेत पासबुक छापणाऱ्या यंत्रावर ‘कागद वाचवा, झाडे वाचवा’ अशी पाटी लावली आहे. गेल्या पावसाळ्यात रांगेत माझ्या पुढे असलेल्या आजी ती वाचून म्हणाल्या, ‘‘झाडं वाचवायला माझी ना नाही हो; पण पासबुक नसलं तर पैसे कुठं गेले ते मला कळणार कसं?’’ बँकांच्या पर्यावरणपूरक सेवा ग्राहक केव्हा स्वीकारतो, याचा शोध मी घेत होतो. आजींच्या प्रश्नाने त्याला दिशा मिळाली.

२०१६ साली यूपीआय आले आणि काही वर्षांत भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचले. त्यामुळे नोटांची आणि पावत्यांची गरज कमी झाली खरी, पण झाडांची आठवण ठेवून ते कुणी वापरत नाही. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, म्हणून लोकांनी ते उचलले.

हिरव्या ठेवीत अशी सोय नाही. या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने आखलेली चौकट १ जून २०२३पासून लागू झाली. ठेवीचा पैसा सौर-पवन ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी व कचरा व्यवस्थापन अशा कामांना द्यायचा. कोळसा, तेल, अणुवीज आणि २५ मेगावॉटहून मोठे जलविद्युत प्रकल्प त्यात बसत नाहीत. विम्याचे संरक्षण इतर ठेवींइतकेच, पाच लाखांपर्यंत. भारतीय स्टेट बँकेने जानेवारी २०२४मध्ये अशी ठेव आणली, तेव्हा तिचा व्याजदर नेहमीच्या ठेवीपेक्षा ०.१० टक्क्याने कमी होता. म्हणजे लाखामागे वर्षाला शंभर रुपये ग्राहकाने सोडायचे.

या शंभर रुपयांच्या बदल्यात त्याला काय मिळते? पैसा योग्य जागी गेल्याची खात्री. त्यासाठी बँकेने दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी करून घ्यावी आणि अहवाल संकेतस्थळावर ठेवावा, असा नियम आहे. माझ्या मते हा अहवाल म्हणजेच हिरव्या ठेवीचे पासबुक.

यंदा माझी एक मुदत ठेव संपली. हिरव्या ठेवीतून कर्ज कोणत्या कामांना दिले, असे मी शाखेत विचारले. खिडकीवरच्या मुलीने नम्रपणे संकेतस्थळ बघायला सांगितले. पैसे मी जुन्याच ठेवीत ठेवले. व्याजातले शंभर रुपये मला जड नव्हते. पण आजींनी विचारले ते मीही विचारले होते, आणि त्याचे उत्तर खिडकीवर, मराठीत मिळेपर्यंत ही ठेव थोड्या जाणकारांपुरतीच राहील, असे मला वाटते.