कोल्हापूर आधी, मग संभाजीनगर
लेखमाला : मैदानाचा हिशेब (लेखांक ६)

मे २०१७ मध्ये इंडियन सुपर लीगनं नव्या संघांसाठी निविदा मागवल्या. आठ संघांची लीग मोठी करायची होती आणि त्यासाठी दहा शहरांची यादी जाहीर झाली : अहमदाबाद, बंगळुरू, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कोलकाता, रांची, सिलिगुडी आणि तिरुवनंतपुरम. २०२० मध्ये आणखी एका संघासाठी दुसरी यादी निघाली. तिच्यात दिल्ली, लुधियाना, अहमदाबाद, कोलकाता, सिलिगुडी आणि भोपाळ. भोपाळसुद्धा! दोन्ही याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या तरी महाराष्ट्रातलं एकही शहर सापडत नाही. नागपूर नाही, नाशिक नाही, कोल्हापूर नाही. संभाजीनगरचा तर विषयच नव्हता.

मुंबई आणि पुण्याला २०१७ मध्ये संघ होते, म्हणून पहिल्या यादीचं समर्थन करता येतं. दुसरीचं करणं अवघड आहे, कारण पुण्याचा संघ मोडून तोवर वर्ष उलटलं होतं. २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटींच्या या राज्यात अव्वल लीगमधला संघ एकच उरला, मुंबई सिटी. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या फुटबॉलवेड्याला लीगचा सामना डोळ्यांनी बघायचा तर पूर्वी पुण्याचं बालेवाडी गाठावं लागे, आता मुंबईचं अंधेरी. समृद्धी महामार्गानं मुंबई जवळ आणली हे खरं. तरी रात्री उशिरा संपणारा सामना बघून सकाळच्या पाळीला वाळूजच्या कारखान्यात हजर राहणं अजून कुणाला जमण्यासारखं नाही.

क्लबांकडे पैसा कुठून येतो, हे गेल्या लेखांकात आलं. लीगनं पुढचा संघ कुठे उभा करावा, हा त्याच्याच पोटातला प्रश्न आहे.

लीगमध्ये शिरायला दोन दारं आहेत. पहिलं विकत घेण्याचं : निविदा भरा, शुल्क द्या, आत या. २०१७ मध्ये जेएसडब्ल्यूचा बंगळुरू एफसी आणि टाटा स्टीलचा जमशेदपूर एफसी या दारानं आले. दुसरं दार खालून चढून येण्याचं. आय-लीग जिंकणाऱ्याला वरच्या लीगमध्ये जागा, ही सोय २०२२-२३ च्या हंगामापासून सुरू झाली. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग असे वर गेले. २०२५ मध्ये इंटर काशीला विजेतेपदासाठी थेट स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत भांडावं लागलं. निकाल त्यांच्या बाजूनं लागला. गंमत अशी की काशीचं नाव लावणाऱ्या या संघानं आय-लीगचे घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला खेळले. नाव गंगेकाठचं, मैदान हुगळीकाठचं.

दार कोणतंही असो, आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी चुकत नाहीत. क्रीडा, सुविधा, मनुष्यबळ, कायदा आणि अर्थ अशा पाच बाबतींत क्लब तपासला जातो. मुलांचे वयोगटाचे संघ हवेत, पात्रताधारक प्रशिक्षक हवेत, वापरायला हक्काचं मैदान हवं, हिशेब तपासलेले हवेत. अटी योग्यच आहेत. मात्र एक गोष्ट या पाचांत कुठेच मोजली जात नाही : आठवड्याच्या मधल्या दिवशी, बिननावाच्या दोन संघांचा सामना असताना, त्या शहरातली किती माणसं मैदानाकडे वळतात? आणि पुण्यात जे घडलं ते याच एका प्रश्नाभोवती घडलं.

पुण्यात बारा वर्षांत चार व्यावसायिक क्लब आले आणि गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. त्यातला सगळ्यात नीट चाललेला संघ हाच. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला, त्याची अकादमी नावाजली गेली आणि २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला, २०१४-१५. डीएसके शिवाजियन्सला २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. मागचा बांधकाम समूह अडचणीत आला आणि २०१७ नंतर संघ दिसला नाही. चौथा एफसी पुणे सिटी. वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या मालकीचा हा संघ सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून, होता. २०१९ मध्ये तोही आर्थिक कारणानं बंद पडला. त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. २०२१-२२ चं विजेतेपद हैदराबादनं जिंकलं आणि २०२५ मध्ये हा संघसुद्धा दिल्लीला हलला.

चारही क्लब पुण्याच्या नावावर होते, पण त्यांचा जीव मालकाच्या दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यात अडकलेला होता. त्या धंद्याला ताप आला की फुटबॉलला न्यूमोनिया. त्यात मैदान बालेवाडीला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल तेव्हा शहराच्या टोकाला होतं. पुण्याचं जुनं फुटबॉल कॅम्प आणि खडकीच्या बाजूचं, नवे संघ महामार्गालगतचे. पंधरा-वीस वर्षं एकाच संघाच्या मागे उभी राहील अशी पिढी घडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चौघांपैकी एकालाही मिळाला नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ दुसऱ्या गावी हलवायला परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा क्लब काढला, तळापासून सुरुवात केली आणि तो व्यावसायिक लीगमध्ये परत आणला. पुण्यात तसं काही उभं राहिलं नाही. त्याचा दोष पुणेकरांना देण्यात अर्थ नाही. पाच वर्षांच्या संघासाठी कुणी रस्त्यावर येत नसतं.

आता कोल्हापूर.

मराठी वर्तमानपत्रं या शहराला ‘फुटबॉल पंढरी’ म्हणतात ते उगाच नाही. तिथलं फुटबॉल क्लबांचं नाही, तालमींचं आहे. पाटाकडील तालीम मंडळ (पीटीएम), दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुस्तीच्या आखाड्यातून उभी राहिलेली, गणपती बसवणारी, पेठेतल्या पोरांना सांभाळणारी मंडळं फुटबॉलचे संघही चालवतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि तिच्या मागोमाग राजकीय नेत्यांच्या नावानं होणारे चषक, असा हंगाम चालतो. सामने दुपारी, ऐन उन्हात. तरीही शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. पाटाकडीलचा खेळाडू दिलबहारकडे गेला तर पेठेत त्याची चर्चा लग्न मोडल्यासारखी होते. विश्वचषकाच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे गल्लोगल्ली लागतात, पण ती हौस चार वर्षांतून एकदाची. पीटीएमचं वेड बारमाही.

या शहरानं खेळाडूही दिले आहेत. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात असलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो घडला आणि पुढे सुपर लीगमध्ये खेळला. निखिल कदमही इथलाच, मोहन बागानपर्यंत पोचलेला. दोघांनाही गाव सोडावं लागलं, कारण गावात वर जाणारी पायरीच नव्हती.

लीगवाल्यांचे आक्षेप ठरलेले असतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं, त्यामुळे बाजारपेठ छोटी. लीगला साजेसे प्रकाशझोत, प्रसारणाची सोय, पाहुण्या संघाची व्यवस्था यांवर बराच खर्च करावा लागेल. तिसरा आक्षेप खरा आणि गंभीर आहे : हुल्लडबाजी. इथल्या सामन्यांनंतर दगडफेक झाली आहे, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्या आहेत, स्पर्धा थांबल्या आहेत. पण गर्दी आवरणं आणि गर्दी जमवणं यांत अवघड काय आहे? पहिल्यासाठी कुंपण, तिकिटं, पोलीस आणि खमके पदाधिकारी लागतात. दुसऱ्यासाठी पुण्यात चार उद्योगसमूहांचा पैसा पुरला नाही.

छोट्या बाजारपेठेचा मुद्दा ऐझॉलनं २०१७ मध्येच निकालात काढला. तीन लाखांच्या आतल्या वस्तीचं हे शहर त्या वर्षी आय-लीगचं विजेतं झालं. त्याआधीच्या हंगामात हा संघ खाली घसरला होता, त्याला पुन्हा संधी मिळाली एवढंच. प्रशिक्षक होता खालिद जमील. मुंबई एफसीकडे बरीच वर्षं काढून तो तिकडे गेला आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. याला चमत्कार म्हणायची पद्धत आहे, पण त्याची तयारी २०१२ पासून चालू होती. त्या वर्षी मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीनं तिचे सामने घरोघरी दाखवले. आपल्याच गल्लीतला मुलगा टीव्हीवर दिसायला लागला की मैदान भरायला जाहिरात लागत नाही.

नागपूरचं नाव या चर्चेत कोल्हापूरच्या लगेच मागे यावं. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपुरातला यंग मुस्लिम क्लब ही विदर्भातली जुनी नावं. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन २००१ मध्ये सुरू केलेलं काम नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मुळे २०२२ मध्ये सगळ्यांना कळलं. तिथे कमी आहे ती संघटकांच्या एकीची, आणि ती कमी पैशानं भरून निघत नाही.

मग संभाजीनगर? भावनेला हात घालायचा तर इतिहास हाताशी आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघानं जिंकला. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली. त्या पाच वर्षांत औरंगाबाद, म्हणजे आजचं संभाजीनगर, हैदराबाद राज्यातच होतं. पण इतिहासावर तिकीट खपत नाही.

आजचं चित्र असं आहे. माणसं आहेत : २०११ मध्येच शहर पावणेबारा लाखांचं होतं. पैसा आहे : वाळूजला बजाज १९८५ पासून आहे, शेंद्र्याला स्कोडा, पलीकडे ऑरिक ही औद्योगिक नगरी. मैदानं म्हणाल तर जुन्या शहरात आमखास आहे, तिथे फुटबॉल खेळलं जातं आणि निवडणुका आल्या की सभाही होतात. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साई) केंद्र आहे. शाळांचे संघ सुब्रतो चषकासाठी जिल्हा, विभाग असे टप्पे खेळतात. संध्याकाळी तासाच्या भाड्यानं टर्फ घेऊन खेळणारी पोरं वाढली आहेत. नाही ती मधली पायरी : शाळा संपलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला सामना मिळेल आणि तो बघायला शेजारपाजारचे येतील अशी वर्षभराची शहर लीग. उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे लागतात, कारण तिकीट काढून नाटक बघायची सवय या शहराला आधीपासून आहे. फुटबॉलच्या बाबतीत ही सवय अजून लागायची आहे.

ज्यांना कारखान्यांच्या जोरावर संघ आणण्याची घाई आहे, ते जमशेदपूरचं उदाहरण देतात. ते पुरतं पाहिलं पाहिजे. टाटांचा संघ २०१७ मध्ये लीगमध्ये आला, पण टाटा फुटबॉल अकादमी १९८७ मध्ये सुरू झाली होती. आधी तीस वर्षं खेळाडू घडवले, मग जागा घेतली. वाळूजच्या एखाद्या कंपनीनं उद्या थेट जागा घेतली तर पुण्याच्या यादीत पाचवं नाव पडेल.

उपयोगी नमुना केरळचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे सुपर लीग केरळ सुरू झाली. सहा संघ : तिरुवनंतपुरम, कोची, त्रिशूर, मलप्पुरम, कालिकत, कन्नूर. पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोळिकोडला, म्हणजेच कालिकतला, झाला आणि घरच्या कालिकतनं कोचीला २-१ असं हरवलं. कोळिकोड आणि मलप्पुरम यांच्यातलं अंतर दोनेक तासांचं, त्यामुळे पाहुण्या संघाचे चाहतेही येतात. अखिल भारतीय लीगमध्ये हे जवळपास अशक्य. शिवाय राज्याची लीग दिल्लीतल्या करारांवर अवलंबून नसते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा २०१० चा पंधरा वर्षांचा व्यापारी करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आला, नवा काही ठरेना आणि २०२५-२६ चा सुपर लीगचा हंगाम कित्येक महिने लांबला. त्या काळात केरळची लीग चालू होती.

महाराष्ट्रात हे करायचं काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं. संस्था १९११ पासूनची आहे, म्हणजे अनुभवाची सबब चालणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारनं तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘महादेवा’ योजनेचा गाजावाजा केला. योजना चांगली आहे. पण त्यातून निवडलेली मुलं अठरा वर्षांची होतील तेव्हा खेळणार कुठे, हे आत्ताच ठरवायला हवं. सहा संघांची राज्य लीग काढली तर कोल्हापूरला त्यात दोन जागा मिळाव्यात, असं या लेखमालेचं मत आहे. पाटाकडील आणि शिवाजी पेठ एका जर्सीत बसणार नाहीत, आणि त्यांना बसवूही नये. पुणे, मुंबई उपनगर आणि नागपूर-कामठी यांना एकेक. सहावी जागा दोन वर्षं रिकामी ठेवावी आणि सांगावं की ज्या शहराची लीग सलग दोन हंगाम वेळापत्रकाप्रमाणे पार पडेल, त्याला ती मिळेल. नाशिक, सोलापूर, संभाजीनगर, ज्याला हवी त्यानं कमवावी. संभाजीनगरपुरतं पहिलं काम छोटं आहे : आमखासवर हंगामाचे चार महिने फुटबॉलसाठी राखून ठेवणं आणि त्या चार महिन्यांत तिथे कुणाच्याही सभेचा मंडप न पडणं.