कचऱ्यावर हक्क कोणाचा?

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत घंटागाडी यायच्या आधीच पाठीवर पोतं घेतलेल्या बाया घराबाहेर पडलेल्या असतात. पुठ्ठा, पत्रा, दुधाच्या पिशव्या, कडक प्लॅस्टिक वेगळं काढून त्या भंगारवाल्याला विकतात. पुणे-पिंपरीतल्या कचरावेचकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्याही बहुतेक दलित समाजातल्या. शहराने त्यांना एकतर चोर मानलं, नाहीतर बिचाऱ्या. सामाजिक समावेशन म्हणजे या दोन्हींतून सुटका, आणि ती कशी होते हे त्यांच्याच कामात दिसतं.

1993 मध्ये कामगार नेते बाबा आढाव यांच्या साथीने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पंचायतीने सभासदांना फोटोची ओळखपत्रं दिली; पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी पुढे ती मान्य केली. पोलिसाने हटकलं तर दाखवायला कार्ड आलं. बाई कष्टकरी ठरली.

कार्डाने पोट मात्र भरत नाही, त्यासाठी कचऱ्यापर्यंत हात पोचावा लागतो. पुणे महापालिकेने 2008 मध्ये कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. सभासदाने घरोघरी कचरा घ्यायचा, घराने दरमहा शुल्क द्यायचं, सुका माल विकून आलेले पैसे तिचेच. उकिरडा उपसण्याऐवजी दारातच माल मिळू लागला.

खरी अडचण पुढे आहे. कचरा वाहणाऱ्या कंत्राटदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर बाईने काढून घेतलेला प्रत्येक किलो त्याला तोटाच वाटणार. भोसरीशेजारच्या मोशीत 2023 पासून कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प आहे. ओल्या कचऱ्यात पाणीच फार. अशा भट्टीला खरी धग मिळते ती कागद-प्लॅस्टिकमधून, आणि हाच माल या बायांची रोजी. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. पण समावेशनाची कसोटी माझ्या मते कचरा उचलण्याच्या निविदेतच लागते: सुका कचरा आधी कोणाच्या हाती जाणार, हे तिथे लिहिलेलं नसेल, तर सत्कार आणि साडीवाटप व्यर्थ आहे.

आपल्या प्रभागाची निविदा निघेल तेव्हा नगरसेवकाला एवढं एकच कलम विचारा. आणि आजपासून ओला-सुका कचरा वेगळा ठेवा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. तो कचरा कोणीतरी हातानेच निवडणार आहे.