गोजिराला मारायचे कशाने?

महाकाय प्राण्यांच्या जपानी चित्रपटांची ओळख आपल्याकडे बहुतेकांना हॉलिवूडमार्फत झाली. १९९८ आणि २०१४ सालचे अमेरिकी ‘गॉडझिला’ अनेकांनी पाहिलेले असतात, आणि इमारती कोसळाव्यात, सैन्याने तोफा डागाव्यात, शेवटी प्राण्याचा निकाल लागावा एवढीच या प्रकाराकडून अपेक्षा असते. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला इशिरो होंडा यांचा मूळ ‘गोजिरा’ ही अपेक्षा पुरी करतो, पण त्याचा जीव दुसरीकडेच गुंतलेला आहे. या प्राण्याला मारता येईल का, यापेक्षा त्याला मारू शकणारे साधन हाती असताना ते वापरावे का, हा प्रश्न त्याला जास्त छळतो. सत्तर वर्षांत या मालिकेत कितीतरी चित्रपट आले, काही फार चांगलेही आले. पण या एका प्रश्नामुळे पहिल्याची उंची कुणालाच गाठता आलेली नाही, असे मला वाटते.

तो प्रश्न कुठून आला हे समजायला त्याच वर्षाच्या १ मार्चकडे जावे लागते. त्या दिवशी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत प्रेक्षक चित्रपटगृहात बसले, तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा दिसली ती एक बोट, डेकवर निवांत बसलेले खलाशी आणि डोळे दिपवणारा प्रकाश. पुढे आगगाडीतली एक तरुणी सहज बोलता बोलता सांगते, की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. १९५२च्या एप्रिलमध्ये संपलेल्या अमेरिकी ताब्याच्या काळात अणुबॉम्बविषयीच्या लिखाणावर आणि चित्रपटांवर सेन्सॉरचा पहारा होता. हे लक्षात घेतले की त्या संवादातला सहजपणा किती नवा असेल ते कळते.

होंडा स्वतः सैनिक म्हणून चीनमध्ये होते आणि परतताना उद्ध्वस्त हिरोशिमावरून गेले होते. त्यांनी टोकियोचा विध्वंस दाखवला, तो याच शहराचा मोठा भाग १० मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात जळालेला पाहिलेल्या लोकांना. म्हणून विध्वंसानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गिंझातल्या फुटपाथवर मुलांना कवटाळून बसलेली आई त्यांना सांगते, की आता आपण बाबांकडे जाणार. इस्पितळात जमिनीवर माणसे दाटीने पडली आहेत आणि एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र धरल्यावर डॉक्टर नुसती मान हलवतात. थरारासाठी केलेल्या चित्रपटाला इथे थांबायची गरज नव्हती. होंडा थांबतात, कारण पुढच्या निर्णयाचे वजन याच दृश्यांवर तोललेले आहे.

निर्णय आहे डॉ. सेरिझावा यांचा. युद्धात एक डोळा गमावलेल्या या शास्त्रज्ञाला प्राणवायूवर संशोधन करताना असे द्रव्य सापडले आहे, की ते पाण्यातला प्राणवायू नष्ट करते आणि त्यातल्या सगळ्या जिवांचा फक्त सांगाडा उरतो. शोधाचा चांगला उपयोग सापडेपर्यंत तो जगापुढे येऊ नये, असा त्याचा हट्ट आहे. त्याचे हे गुपित जाणणारी एमिको इस्पितळातले हाल पाहून त्याला दिलेला शब्द मोडते, तरी तो नकारच देतो. त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे: एकदा वापरले की सत्ताधीश ते शस्त्र म्हणून मागणार, कागद जाळता येतील, पण डोक्यातल्या ज्ञानाचे काय? अखेर शांतीसाठी प्रार्थना गाणाऱ्या शाळकरी मुली दूरचित्रवाणीवर दिसतात आणि तो तयार होतो. कागद जाळतो, टोकियोच्या उपसागरात उतरतो आणि आपली हवेची नळी स्वतःच्या हाताने कापतो. ‘गोजिरा’ ही अमेरिकी चित्रपटांची नक्कल आहे, या आक्षेपाचे उत्तर इथे मिळते. १९५३च्या ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’मध्येही अणुस्फोटाने जागा झालेला प्राचीन प्राणी शहरावर चालून येतो, आणि त्याला संपवतो तो बंदुकीतून सोडलेला किरणोत्सारी पदार्थ. तिथे अणुशक्तीनेच सुटका होते आणि कुणाला त्याची खंत नाही. बीज तेच असले तरी होंडांनी प्रश्न बदलला.

गोजिरा म्हणजे रबरी पोशाखातला माणूस दिसतो, हा आक्षेप सर्वांत जुना. खरेच आहे. विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांच्याकडे पुतळे कणाकणाने हलवून चित्रित करण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून हारुओ नाकाजिमा सुमारे शंभर किलोंचा पोशाख घालून छोट्या प्रतिकृतींमधून चालले. पण कॅमेरा वेगाने चालवून हालचाली मंद केल्या, दृश्ये रात्रीची ठेवली आणि संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती डरकाळी घडवली. त्यातून आलेला जडपणा मला आजही पटतो. त्याहून गंभीर आक्षेप असा, की जपान इथे फक्त बळी म्हणून दिसतो. त्याच्या सैन्याने चीनमध्ये जे केले त्याचा उल्लेखही नाही. ही उणीव मान्य करायलाच हवी. एवढेच म्हणता येईल, की सर्वांत भयंकर शस्त्र होंडांनी जपानी प्रयोगशाळेत, जपानी माणसाच्या हाती ठेवले आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही.

सेरिझावाचे मरण युद्धकाळातल्या आत्मघाती वीरांसारखे नाही का, असेही विचारले जाते. ताकाशी यामाझाकी यांचा २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ जणू याच शंकेला उत्तर देतो. त्याचा वैमानिक जगायचे ठरवतो आणि ते पाहताना मन भरून येते. पण तिथे गोजिराला संपवायची योजना समुद्राच्या दाबावर आधारलेली आहे, तिचा धाक पुढच्या पिढ्यांना नाही. सेरिझावा सम्राटासाठी किंवा देशासाठी मरत नाही. एक ज्ञान कुणाच्याच हाती पडू नये म्हणून मरतो. तेवढ्यानेही प्रश्न सुटत नाही, हे चित्रपटातले जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. यामाने शेवटी बोलून दाखवतात: चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल. रेमंड बर यांना घेऊन १९५६मध्ये केलेल्या अमेरिकी आवृत्तीत हा इशारा नाही, नागासाकीचा उल्लेखही नाही. संकट टळले आणि जग पुन्हा जगू लागेल, असा दिलासा तिथे मिळतो. म्हणून पाहायचाच तर ९६ मिनिटांचा जपानी ‘गोजिरा’च पाहावा.