मधल्या नोडचा भरवसा

मोबाइलवरचा संदेश कोणत्या वाटेनं न्यायचा, हे एरवी टॉवर आणि कंपनीची केंद्रं ठरवतात. मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमध्ये यातलं काहीच नसतं. हातातली यंत्रंच एकमेकांचे संदेश पुढे नेतात. प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, स्वतःच राउटर असतो. अमेरिकेतल्या डार्पा या संस्थेनं १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओचे प्रयोग केले, तिथून ही कल्पना रुजली. रणांगणावर किंवा भूकंपात, टॉवर कोसळलेले असताना, ती खरी कामाची. मात्र सुरुवातीच्या राउटिंग, म्हणजे वाट ठरवण्याच्या, पद्धतींनी मधला प्रत्येक नोड प्रामाणिक आहे असंच धरलं होतं.

जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५६१ या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालेली एओडीव्ही ही पद्धत घ्या. ‘क’ला ‘ह’शी बोलायचंय. तो शेजाऱ्यांना ‘ह’ची वाट विचारतो, शेजारी तोच प्रश्न पुढे पसरवतात. मग ‘ह’कडून, किंवा ‘ह’ची ताजी वाट ठाऊक असलेल्या एखाद्या नोडकडून, उत्तर येतं. त्यात दोन आकडे कळीचे: वाट किती ताजी हे सांगणारा अनुक्रमांक आणि टप्प्यांची संख्या. मोठ्या अनुक्रमांकाची वाट जिंकते. अनुक्रमांक सारखे असतील तर कमी टप्प्यांची. दगेखोर ‘म’ला एवढं पुरेसं आहे. प्रश्न येताच तो भलामोठा अनुक्रमांक आणि एकच टप्पा लिहून उत्तर धाडतो. ‘क’ संदेशाचे सगळे तुकडे, म्हणजे पॅकेट, त्याच्याकडे सोपवतो आणि ‘म’ ती गिळून टाकतो. हा ब्लॅक होल हल्ला. निवडक पॅकेट गिळणारा ग्रे होल त्याहून लबाड, कारण बिनतारी दुव्यावर काही पॅकेट एरवीही हरवतातच.

पहिला उपाय सहीचा. मानेल गेरेरो सापाता यांच्या सुरक्षित एओडीव्हीत संदेशाच्या न बदलणाऱ्या भागावर डिजिटल सही असते आणि टप्प्यांच्या आकड्याला हॅश साखळीचं, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या गणिताचं, कुलूप. त्यामुळे आकडा कमी करता येत नाही. पण संदेश पुढे देताना तो न वाढवता तसाच ठेवता येतो, एवढी फट उरतेच. यी-चुन हू, एड्रियन पेरिग आणि डेव्हिड जॉन्सन यांची २००२ मधली ‘अ‍ॅरिॲड्नी’ महागड्या सह्या टाळते: नोड संदेशावर गुप्त किल्लीनं खूण करतो आणि ती किल्ली नंतर उघड करतो, म्हणून सगळ्यांची घड्याळं साधारण जुळलेली लागतात.

सही खोटं बोलणं रोखते, पॅकेट टाकून देणं नाही. त्यासाठी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० मध्ये ‘वॉचडॉग’ मांडला: पॅकेट दिल्यावर शेजारी ते खरंच पुढे पाठवतो का, हे कान देऊन ऐकायचं. मग ‘पाथरेटर’ त्या शेजाऱ्याला टाळून वाट निवडतो. ४० टक्के नोड कामचुकार असलेल्या सिम्युलेशनमध्ये या जोडीनं १७ टक्के जास्त माहिती पोचवली. पण नियंत्रणाच्या संदेशांचा भार ९ वरून १७ टक्क्यांवर गेला. शिवाय ‘म’नं रेडिओची ताकद इतकीच ठेवली, की मागच्याला ऐकू जावं आणि पुढच्याला नाही, तर पहारेकरी फसतो.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो वर्महोल. दोन हल्लेखोर नेटवर्कच्या दोन टोकांना बसतात आणि आपसांतल्या वेगवान दुव्यानं इकडचे संदेश तिकडे जसेच्या तसे वाजवतात. किल्ली चोरायला नको, सही मोडायला नको. दूरदूरचे नोड स्वतःला शेजारी समजू लागतात. हू, पेरिग, जॉन्सन यांनी २००३ मध्ये पॅकेटला ‘दावं’ बांधलं. रेडिओलहर मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. निघाल्याची वेळ पॅकेटवर असेल, तर ते किती लांबून आलंय हे मोजता येतं. अर्थात त्यासाठी लागणारी अतिअचूक घड्याळं साध्या यंत्रांत नसतात.

आणि किल्ल्या द्यायच्या कुणी? लिडाँग झोऊ आणि झिग्मंट हास यांनी १९९९ मध्येच अधिकार अनेक नोडांत वाटायचं सुचवलं: ठरावीक संख्येनं नोड एकत्र आले तरच प्रमाणपत्रावर सही होते. माझ्या मते यापेक्षा साधा मार्ग जास्त टिकाऊ आहे. मदतपथकांचे रेडिओ गोदामात असतानाच त्यांत किल्ल्या भरून ठेवाव्यात. अनोळखी गर्दीत मात्र ही सोय नसते. हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात ब्लूटूथवर चालणारं ‘ब्रिजफाय’ ॲप वापरलं गेलं. २०२० मध्ये लंडनजवळच्या रॉयल हॉलोवेतील संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यातले खासगी संदेश वाचता येत होते, दुसऱ्याचं सोंग घेता येत होतं आणि मुद्दाम घडवलेला एकच संदेश फोनोफोनी पसरून अख्खं जाळं बंद पाडू शकत होता.